हिस्टोपॅथॉलॉजी (ऊतक-तपासणी) विभाग: ओल्या नमुन्यांच्या सुरक्षिततेच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

प्रकल्पाला लेखी मंजुरी आली. हद्द मुद्दाम आखूड ठेवली आहे: ऑपरेशन थिएटरमधून नमुना निघाल्यापासून तो कॅसेटमध्ये, म्हणजे तुकडे ठेवायच्या छोट्या जाळीदार डबीत, बसेपर्यंत. एकदा कॅसेट टिश्यू प्रोसेसरमध्ये गेली आणि अल्कोहोल, झायलीन, साधारण ६० अंश सेल्सिअसचं मेण यांतून बाहेर पडली, की मोजके अपवाद सोडता जंतूंची भीती उरत नाही. भीती आहे ती ओल्या टप्प्यात, आणि नेमका हाच टप्पा आमच्याकडे कुणाच्या नावावर नाही. थिएटरच्या लेखी नमुना पाठवला की विषय संपतो, आमच्या लेखी तो आला की सुरू होतो. मधला सगळा प्रवास मामा-मावशींच्या हातात, तोही हातमोज्यांशिवाय.

सकाळची आवक नीट पाहिली. अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबून बसवलेलं गर्भाशय, वर जेमतेम दोन बोटं फॉर्मालिन (ऊतक स्थिर करून टिकवणारं फॉर्माल्डिहाइडचं द्रावण). न उघडलेलं पित्ताशय, आत पित्त तसंच. मानेतली एक गाठ लघवीच्या नमुन्याच्या डबीत, झाकणाभोवती चिकटपट्टी आणि चिकटपट्टीखालून ओघळ. मागणीपत्र त्याच डबीला गुंडाळून वर रबर लावलेलं, त्यामुळे कागद ओला. कागदावर ‘क्षय?’ असं लिहिलेलं. नोंदणीवरच्या ताईंनी तो उघड्या हाताने सरळ केला, रजिस्टरशेजारी वाळत ठेवला आणि पुढचं नाव लिहायला घेतलं. त्यांना दोष द्यायचा प्रश्नच नाही. हातमोजे घाला असं त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नाही, कारण त्या ‘लॅबच्या’ नाहीत, ‘कार्यालयाच्या’ आहेत.

६ जून

रेसिडेंट मुलांबरोबर बसून फॉर्मालिनचा हिशेब मांडला. ‘फॉर्मालिनमध्ये आहे ना, मग काही होत नाही’ हे वाक्य विभागात रोज कानावर येतं. मला सगळ्यात आधी तेच खोडायचं आहे.

पीटर मेडावार यांनी १९४१ मध्ये मांडलेला नियम असा, की स्थिरीकरणाचं द्रावण ऊतकात किती खोल शिरतं ते वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरतं. दुप्पट खोली हवी तर चौपट वेळ. ढोबळ मानाने पहिल्या तासात एक मिलिमीटर धरलं, तर पाच मिलिमीटरला २५ तास लागतात आणि एक सेंटीमीटरला १००. आणि हे नुसतं शिरण्याचं झालं. शिरल्यावर प्रथिनांशी जोडणी व्हायची ती रासायनिक क्रिया आणखी सावकाश चालते. काल संध्याकाळी बरणीत टाकलेलं अखंड गर्भाशय आज सकाळी कापलं तर कडेला राखाडी आणि आत गुलाबी दिसतं. तो गुलाबी भाग म्हणजे फॉर्मालिन न पोचलेला भाग. तिथलं रक्त ताजं आहे, आणि त्या रक्तात कावीळ ब चा विषाणू असेल तर तोही ताजा आहे.

क्षयाच्या बाबतीत तर आणखी सावध राहायला हवं. त्या जंतूच्या भिंतीत मेणासारखे पदार्थ असतात, त्यामुळे रसायनं सहज आत शिरत नाहीत. फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या फुफ्फुसांतूनही जिवंत क्षयजंतू वाढवता आल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ठरवलं: जाड नमुना आधी काप घेऊन उघडायचा, मध्ये गॉज घालायचं, नमुन्याच्या किमान दहापट फॉर्मालिन ओतायचं, आणि किती वाजता ओतलं ते बरणीवर लिहायचं. फॉर्मालिनची वेळ न लिहिलेला नमुना ताजा समजायचा. या शेवटच्या नियमावर उरलेला सगळा प्रकल्प उभा आहे.

११ जून

लाल स्टिकरवरून दुपारभर चर्चा. थिएटरमधून एचआयव्ही किंवा कावीळ पॉझिटिव्ह रुग्णाचा नमुना आला की बरणीवर मोठं लाल स्टिकर असतं. तो नमुना सगळे जपून हाताळतात आणि शेजारची बिनस्टिकरची बरणी तशीच उघडतात. चाचणी न झालेले, चाचणी चुकलेले, विंडो पिरियडमधले (लागण झालेली, पण चाचणीत अजून न दिसणारे) रुग्ण सगळे त्या बिनस्टिकरच्या रांगेत असतात. स्टिकरमुळे आमचं संरक्षण होत नाही. उलट जिथे सावध राहायला हवं तिथे आम्ही गाफील होतो.

दुसरी बाजू रुग्णाची. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्णाची स्थिती अशी कॉरिडॉरभर मिरवणं त्यात बसत नाही. कर्मचाऱ्यांना सुरक्षित कामाची जागा आणि सार्वत्रिक दक्षतेची साधनं देणं ही संस्थेची जबाबदारी आहे, हेही तोच कायदा सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयात बसतात: स्टिकर बंद, आणि प्रत्येक ओला नमुना संसर्गजन्य मानून हाताळायचा. ज्येष्ठ तंत्रज्ञांना हे पटलं नाही. ‘मॅडम, निदान आम्हाला तरी कळायला नको का?’ असं त्यांनी विचारलं. त्यांची भीती खरी आहे आणि ती नुसत्या परिपत्रकाने जायची नाही. जी माहिती हाताळणीची पद्धत खरोखर बदलते ती मागणीपत्रात बंद पाकिटातून यावी, असं ठरलं: क्षयाचा संशय, रेबीजचा संशय, प्रायॉनचा (मेंदूचा आजार पसरवणाऱ्या विकृत प्रथिनाचा) संशय. एचआयव्हीने पद्धत बदलत नाही, म्हणून तो त्या यादीत नाही.

१८ जून

थिएटरच्या इनचार्ज सिस्टर, सर्जरी आणि कान-नाक-घसा (ईएनटी) विभागाचे डॉक्टर यांच्याबरोबर बैठक. ठरल्यापेक्षा लांबली, पण उपयोगी झाली.

क्षयाचा संशय असलेली गाठ पूर्ण फॉर्मालिनमध्ये बुडवून पाठवली की सीबीनॅट (क्षयाची जनुकीय चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) दोन्ही हातचे जातात, आणि पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यायची वेळ येते. त्यामुळे गाठ थिएटरमध्येच निर्जंतुक ब्लेडने दोन भागांत करायची. एक भाग नॉर्मल सलाइनमध्ये थेट मायक्रोबायोलॉजीकडे, दुसरा फॉर्मालिनमध्ये आमच्याकडे. २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या लाटेत ईएनटीला ही सवय लागलेली आहे. नाकातल्या काळ्या पडलेल्या तुकड्यांचा एक भाग सलाइनमध्ये केओएचसाठी (बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी) आणि कल्चरसाठी, एक आमच्याकडे, असं तेव्हा रोज चालायचं. ते तुकडे कल्चरसाठी वाटायचे नाहीत, बारीक कापायचे; वाटले तर बुरशीचे तंतू फुटून मरतात आणि कल्चर कोरं येतं. ईएनटीच्या सरांनी ते दिवस आठवून सर्जरीच्या मुलांना स्वतःहून समजावलं. माझं निम्मं काम त्यांनीच केलं.

सिस्टरांचा मुद्दा अगदी रास्त होता: ‘आम्ही वेळ लिहू, पण रुंद तोंडाच्या बरण्या कुठायत?’ बरण्यांची मागणी आजच भांडारात दिली. सोबत दुहेरी पिशवीची: बरणी आतल्या कप्प्यात, कागद बाहेरच्या. आणि ने-आण करायला झाकणाचा प्लास्टिकचा खोका, तळाशी शोषून घेणारा जाड कागद. हातात बरण्या घेऊन जिना चढणं आजपासून बंद.

२ जुलै

ग्रॉसिंग रूमच्या, म्हणजे नमुने पाहून कापायच्या खोलीच्या, हवेचा दिवस. इथे दोन वेगळे धोके एकाच टेबलावर बसलेत आणि लोक त्यांना एकच उपाय शोधतात.

जंतूंचा धोका ताज्या ऊतकात. त्यासाठी बायोसेफ्टी कॅबिनेट. त्यातला हेपा फिल्टर कण अडवतो. फॉर्मालिनचा धोका वाफेत. हेपा फिल्टर वाफ अडवत नाही, आणि आमचं क्लास २ कॅबिनेट गाळलेली हवा खोलीतच परत सोडतं. म्हणजे त्यात फॉर्मालिनची बादली उघडली तर वाफ फिरून आपल्याच नाकात. एन-९५ मास्कचंही तेच. तो क्षयाच्या कणांसाठी आहे, फॉर्मालिनसाठी नाही. ‘मी एन-९५ घातलाय’ म्हणत दिवसभर फॉर्मालिनवर वाकून बसणाऱ्या मुलामुलींना हे आज समोर बसवून सांगितलं. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. अमेरिकेतल्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेची हवेतली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला ०.७५ पीपीएम (दहा लाखांत भाग) आणि १५ मिनिटांसाठी २ पीपीएम आहे. आमच्याकडे मोजायचं यंत्र नाही, पण डोळ्यांतून पाणी येतं म्हणजे हवा ठीक नाही, एवढं कळायला यंत्र लागत नाही.

जागेची फेरमांडणी ठरली. ताजे नमुने उघडायचे ते कॅबिनेटमध्ये, फॉर्मालिन न ओतता. स्थिर झालेले नमुने एक्झॉस्टखालच्या टेबलावर, कापण्याआधी वाहत्या पाण्यात धुऊन. छताचा पंखा ग्रॉसिंगच्या वेळी बंद. तो वाफ हटवत नाही, फक्त सगळ्यांत वाटतो. खालून हवा ओढणाऱ्या ग्रॉसिंग स्टेशनचा प्रस्ताव वेगळा पाठवला.

९ जुलै

फॉर्मालिन तयार करण्याची पाटी भिंतीवर लावली. बाजारचं फॉर्मालिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पूर्वी कुणीतरी मीठ आणि नळाचं पाणी घालून काम भागवत होतं. बफर नसलं की फॉर्मिक आम्ल साठतं आणि स्लाइडवर फॉर्मालिन पिगमेंटचे काळपट कण दिसतात.

१६ जुलै

आजची नोंद लांब होणार, कारण प्रकल्पातला खरा अवघड भाग आज समोर आला.

स्तनाच्या शस्त्रक्रियेचा नमुना आला, अखंड. ईआर आणि पीआर (कर्करोगाच्या पेशींतल्या संप्रेरक-ग्राहींच्या) चाचण्या विश्वासार्ह यायच्या तर शरीरातून काढल्यापासून तासाभरात स्थिरीकरण सुरू व्हायला हवं आणि एकूण स्थिरीकरण ६ ते ७२ तासांच्या आत असावं. अखंड नमुना फॉर्मालिनमध्ये टाकून रात्रभर ठेवला तर गाठीपर्यंत ते पोचतच नाही. चरबीतून शिरणं आणखी कठीण. म्हणजे नमुना ताजा असतानाच कापायला हवा. आणि ताजा कापणं हेच सगळ्यात जोखमीचं काम. निदान चांगलं हवं तर जोखीम घ्यावी लागते, टाळता येत नाही. प्रश्न एवढाच की ती कुणी घ्यायची, कुठे आणि कशी.

आजवर ती घेत होता इंटर्न, थिएटरच्या कोपऱ्यात, नाहीतर आमचा सगळ्यात नवा रेसिडेंट, संध्याकाळी उशिरा, एकटा. आता ठरलं: ताज्या नमुन्याचे काप घेणं हे सीनियर रेसिडेंटचं किंवा फॅकल्टीचं काम. त्या वेळी टेबलावर सुरी एकच. उजव्या हातात सुरी असताना डाव्या हाताने नमुना धरायचा तो दातेरी चिमट्याने, बोटांनी नाही. डाव्या हातावर आतून कापरोधक जाळीचा मोजा, वर नायट्राइल. जाळीचा मोजा धार अडवतो, टोक अडवत नाही, हेही सांगून ठेवलं. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, कारण गळू किंवा पुवाने भरलेली पोकळी दाबाखाली असते आणि पहिल्या छेदाला उडते. शंका असेल तिथे वर गॉज धरून छेद द्यायचा.

मी स्वतः आजचा नमुना कापला आणि दोन्ही ज्युनिअर बाजूला उभे केले. एक सेंटीमीटरच्या आत काप, मध्ये गॉज, समोरची कड शाईने रंगवलेली. गाठ पांढुरकी, चिमट्याखाली करकरीत, चिरताना कच्चा पेरू कापल्यासारखा आवाज. काप उघडून बरणीत सोडले, वेळ लिहिली, आणि मग मुलांना विचारलं की या सगळ्यात माझा डावा हात सुरीच्या रेषेत किती वेळा आला. त्यांनी नीट पाहिलं होतं: एकदा, गॉज घालताना. म्हणजे गॉज घालण्याआधी सुरी खाली ठेवायची, ही ओळ कार्यपद्धतीत वाढवली.

२४ जुलै

एका रेसिडेंटला मायक्रोटोमचं (मेणाच्या ब्लॉकचे पातळ काप घेणाऱ्या यंत्राचं) ब्लेड बदलताना बोटाला कापलं. ब्लॉक स्थिर झालेला होता, पण त्याच हाताने तासाभरापूर्वी ताजा नमुना हाताळला होता. मुलीने आधी बोट दाबून रक्त काढलं, मग स्पिरिट लावलं. आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं तेच. पण नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) सूचना नेमक्या याउलट आहेत: साबण आणि वाहतं पाणी, बस्स. पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट-बीटाडीन-ब्लीच काही नाही. गरज वाटली तर पीईपीचा (एचआयव्हीची लागण टाळायच्या औषधांचा) पहिला डोस शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि पूर्ण कोर्स २८ दिवसांचा.

ती ठीक आहे, रक्त तपासणीला दिलं, नोंद झाली. मला लागलं ते दुसरंच. तिला पीईपीची किट कुठे मिळते हे माहीत नव्हतं, आणि रात्री कुणाला फोन करायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. कॅज्युअल्टीच्या खोलीचा क्रमांक आणि ड्युटीचा फोन आज सिंकच्या वर चिकटवला. मायक्रोटोमचं चाक लॉक केल्याशिवाय आणि ब्लेडवर गार्ड चढवल्याशिवाय ब्लॉकला हात लावायचा नाही, हेही त्याच पाटीवर.

६ ऑगस्ट

कावीळ ब च्या लसीची यादी काढली. डॉक्टर आणि कायम तंत्रज्ञ यांचे ०, १, ६ महिन्यांचे डोस पूर्ण. बरण्या धुणाऱ्या मावशी, कचरा उचलणारे मामा, नोंदणीवरच्या ताई, सगळे कंत्राटी आणि कुणाचाही एकही डोस नाही. या विभागात सगळ्यात जास्त ओला स्पर्श ज्यांच्या हातांना होतो तेच यादीबाहेर, याचा मला आज मनापासून संताप आला. अधीक्षकांना भेटले. लस आठवडाभरात मिळेल असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासायची, दर मिलीला १० एमआययूच्या वर आली तर संरक्षण धरायचं, हेही पत्रात लिहून घेतलं. धुणाऱ्या मावशींचा प्रश्न: ‘सुई घेतली की दुसऱ्या दिवशी कामावर यावं लागतं का?’ खाडा पडला तर पैसे कापले जातात. ज्या दिवशी लस त्या दिवशी हजेरी लागेल, असं कंत्राटदाराकडून लिहून आणायचं आहे.

२० ऑगस्ट

क्रायोस्टॅट, म्हणजे ताजं ऊतक गोठवून कापायचं यंत्र. उणे २० अंशांवर जंतू मरत नाहीत, टिकतात. फ्रोझन सेक्शन म्हणजे न मारलेलं ऊतक, अतिशय पातळ कापलेलं, आणि आजूबाजूला त्याचा भुसा. वर कुणी गोठवायचा स्प्रे मारला की तोच भुसा हवेत. स्प्रेचे डबे आज भांडारात परत केले.

सर्जनशी एक कसोटी ठरली: फ्रोझनच्या उत्तरावर टेबलावरचा निर्णय अवलंबून आहे का? असेल तर करू. फक्त ‘बघून ठेवा’ असेल, किंवा गाठ क्षयाची वाटत असेल, तर फ्रोझन नाही. मिथेनॉलमध्ये बुडवलेली इम्प्रिंट (काचेवर गाठीचा ठसा घेतलेली) स्लाइड करू आणि उरलेलं फॉर्मालिनमध्ये. रोजच्या कामानंतर भुसा अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कागदाने टिपून पिवळ्या पिशवीत, झाडायचा नाही. आठवड्यातून एकदा यंत्र बंद करून डीफ्रॉस्ट, मग क्षयजंतू मारणारं जंतुनाशक, पुरेसा वेळ ओलं ठेवून. पुसून लगेच कोरडं केलं तर जंतुनाशकाला काम करायला वेळच मिळत नाही.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. जोडून रविवार. आज दुपारी चारनंतर आलेले सगळे मोठे नमुने जाण्याआधी उघडून, काप घेऊन ठेवले. छोट्या बायोप्सींची यादी वेगळी, म्हणजे ७२ तासांची मर्यादा कुणाचीही ओलांडणार नाही. सोमवारी येऊन बंद बरणीत सडलेलं आतडं उघडायचा प्रसंग दर सणाला यायचा. या वेळी तो यायला नको.

१९ सप्टेंबर

शवविच्छेदनातून मेंदू आला. बंद पाकिटात ‘कुत्रा चावल्याचा इतिहास’. पाकिटाची पद्धत उपयोगी पडली.

रेबीजसाठी ताज्या ऊतकावरची फ्लुरोसन्ट अँटीबॉडी चाचणी सर्वांत भरवशाची, म्हणून ठरलेले भाग फॉर्मालिनशिवाय बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेला पाठवायचे ठरलं. तिथे रेबीजसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं संदर्भ केंद्र आहे. उरलेला मेंदू बेसिलर धमनीखालून दोरा घालून फॉर्मालिनच्या बादलीत टांगला, दोन आठवडे हात लावायचा नाही. हिप्पोकॅम्पस आणि लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशींत नेग्री बॉडीज शोधू. १९०३ मध्ये अडेल्की नेग्री यांनी वर्णन केलेल्या या खुणा प्रत्येक रुग्णात सापडतातच असं नाही, त्यामुळे स्लाइड कोरी आली तरी निम्हान्सचा अहवाल येईपर्यंत संशय कायम.

ज्युनिअरने विचारलं, फॉर्मालिनने न मरणारं असं काही आहे का? आहे, प्रायॉन. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या प्रायॉनच्या आजाराच्या संशयात फॉर्मालिन निरुपयोगी, मेणाचा ब्लॉकही संसर्गजन्य राहतो. त्यासाठी कापलेले तुकडे तीव्र फॉर्मिक आम्लात एक तास ठेवून मग पुढे न्यायचे. असा नमुना इथे उघडायचाच नाही, आधी फोन करायचा, असं पाटीवर लिहिलं.

१ ऑक्टोबर

कचरा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ऊतक पिवळ्या पिशवीत, ब्लेड पांढऱ्या अर्धपारदर्शक न टोचणाऱ्या डब्यात. वापरलेलं फॉर्मालिन हा रासायनिक द्रव कचरा, सिंकमध्ये नाही. आमच्याकडे ते वर्षानुवर्षं सिंकमध्येच जात होतं. आता वेगळे कॅन ठेवलेत.

‘निर्जंतुक करू’ म्हणून कुणी फॉर्मालिनच्या बरणीत हायपोक्लोराइट ओततं, तेही थांबवलं. दोन्ही मिसळली की विषारी वायू निघतात. फॉर्मालिनमधलं ऊतक ऑटोक्लेव्हमध्येही घालायचं नाही, वाफ खोलीभर होते. अहवाल गेल्यावर महिनाभर ओला नमुना ठेवतो. त्यानंतर आधी फॉर्मालिन कॅनमध्ये निथळायचं, मग ऊतक पिशवीत, आणि बारकोड लावलेली पिशवी ४८ तासांच्या आत गाडीत.

१० ऑक्टोबर

रुंद तोंडाच्या बरण्या आल्या. थिएटरमधून येणाऱ्या बहुतेक बरण्यांवर आता फॉर्मालिनची वेळ असते. रात्रीच्या इमर्जन्सी केसेसवर अजून नसते, तिथे नवीन सिस्टरांना पुन्हा भेटायचं आहे. कंत्राटी कर्मचाऱ्यांचा लसीचा दुसरा डोस झाला. तिसऱ्याची तारीख फेब्रुवारीत येते आणि तोवर कंत्राट बदलणार आहे. नवीन कंत्राटाच्या अटींत लस आणि लसीच्या दिवसाची हजेरी घालावी, असं पत्र आज अधीक्षकांना दिलं. ग्रॉसिंग स्टेशनच्या प्रस्तावाला त्रुटी लागून तो परत आलाय. तीन कोटेशन हवी आहेत, दोन मिळाली.